खोली तशी काया

मराठी भाषेने आपल्या माणसांची एक मोठी सोय करून ठेवली आहे. राहण्याच्या जागेला ती खोली म्हणते आणि पाण्याच्या गहिरेपणालाही खोलीच म्हणते. डोंबिवलीतल्या गृहस्थाने ‘खोली केवढी?’ असे विचारले तर उत्तर फुटांत मिळते. मालवणच्या नावाड्याने विचारले तर वावांत. एक शब्द, दोन मापे. या दोन खोल्यांचे नाते माझ्या मनात जुळवून दिले ते समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याने, आणि तेही अशा दिवसांत, की जेव्हा आमच्या घरात खोलीवाचून दुसरा विषयच निघत नव्हता.

आधी त्या प्राण्याची ओळख करून देतो. इंग्रजीत त्याला ‘सी-अर्चिन’ म्हणतात. अर्चिन हा जुना इंग्रजी शब्द. आपल्या साळूच्या धाकट्या चुलतभावासारख्या दिसणाऱ्या एका काटेरी प्राण्याचे ते नाव. तेव्हा आपण याला समुद्रातला साळू म्हणायला हरकत नाही. लिंबापासून मोसंब्यापर्यंत कोणत्याही आकाराचा, अंगभर काटे, डोके नाही, शेपूट नाही, पुढची बाजू नाही नि मागचीही नाही. तोंड खाली, जमिनीकडे. त्या तोंडात पाच दात एका चौकटीत बसवलेले असतात आणि त्या चौकटीला प्राणिशास्त्रात आजही ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. कारण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या ग्रीक पंडिताने या प्राण्याचे वर्णन करताना कंदिलाची उपमा दिली होती. प्राणी मेला की काटे झडतात आणि आतले चुन्याचे कवच उरते. त्यावर ठिपक्यांच्या पाच दुहेरी रांगा अशा काढलेल्या असतात, की एखाद्या सुगरणीने बसून रांगोळी घातली असावी.

असे एक कवच आमच्या घरी आहे. आईचे माहेर मालवणचे. १९६३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लग्न होऊन ती डोंबिवलीला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चहाच्या डब्यात कापसात गुंडाळलेले हे कवच होते. मी पुढे विज्ञानाचा शिक्षक झालो आणि तेहतीस वर्षे दर वर्षी एक दिवस तो डबा वर्गात नेला. मुले विचारीत, “सर, हा आपल्या खाडीत सापडतो का?”

नाही सापडत, आणि का नाही हे सांगण्यासारखे आहे. उल्हास नदी कल्याणवरून, डोंबिवलीच्या अंगावरून, मुंब्र्यापाशी डोंगराला वळसा घालीत ठाण्याकडे जाते. भरतीचे खारे पाणी या वाटेने आत चढते. म्हणून तर कल्याण हे इतके जुने बंदर, की पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनातही त्याचे नाव आहे. खेकडा या खाडीत राहतो, निवटी चिखलावर उड्या मारते, कोळंबी येते. पण समुद्रसाळू कधी येत नाही. त्याच्या अंगातल्या पाण्याची खारटाई बाहेरच्या समुद्राएवढीच असते आणि ती सांभाळण्याची कसलीही यंत्रणा त्याच्यापाशी नाही. आषाढात उल्हासला गोड्या पाण्याचा लोंढा आला की त्याचे प्राण कंठाशी येतील. बाराही महिने समुद्र समुद्रच राहील अशा ठिकाणीच त्याचा संसार चालतो. बिऱ्हाड बदलण्याच्या बाबतीत असा हा मोठा हट्टी प्राणी.

पण एकदा का खारे पाणी मिळाले, की मग हा हट्टी प्राणी कुठे राहत नाही ते विचारा! ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकापासून सात हजार मीटरांहून अधिक खोल अशा काळोख्या गर्तेपर्यंत त्याची बिऱ्हाडे आहेत. आणि जसजशी खोली बदलते तसतशी त्याची काया बदलते. मला त्याची गोडी लागली ती याच कारणाने.

किनाऱ्यापासून सुरुवात करू. मालवणच्या खडकांवर मे महिन्याच्या सुटीत ओहोटीच्या वेळी मी लहानपणी हे प्राणी पाहिले आहेत. खडकातल्या वाटीएवढ्या खळग्यात एकेक काळपट गोळा बसलेला. तो खळगा निसर्गाने आयता दिलेला नसतो. दातांनी आणि काट्यांनी खरवडून खरवडून या जातीच्या कित्येक प्राण्यांनी तो स्वतः कोरलेला असतो. काही जातींत तर प्राणी आत वाढतो, खळगा आतून रुंदावतो, पण तोंड तेवढेच राहते आणि मालकाला मग बाहेर पडता येत नाही. वाचकांनी हसू नये. खोलीत सुताराला बसवून कपाट करून घेणारे आणि घर सोडताना ते दारातून निघत नाही म्हणून कपाळाला हात लावणारे चार गृहस्थ तरी माझ्या ओळखीचे आहेत.

किनाऱ्यावर खरा शत्रू म्हणजे लाट. ती दर काही सेकंदांनी येऊन थप्पड मारते. म्हणून लाटांच्या माऱ्यात राहणाऱ्यांचे कवच जाड, बांधा बसका आणि काटे आखूड असतात. हिंदी महासागरात आणि हवाई बेटांच्या काठी एक जात आहे, तिने तर काट्यांचे काटेपणच सोडून दिले. तिच्या पाठीवरचे काटे चपटे होऊन कौलांसारखे एकमेकांना भिडले आहेत. प्राणी कसला, खडकावर पालथी घातलेली गुळगुळीत वाटीच. लाट येते आणि तिच्यावरून घसरून जाते.

आता कोणीही विचार करील, की उथळ पाण्यात इतके जाड कवच लागते, तर खोल समुद्रात चिलखतच लागत असेल! पाण्याचा दाब दर दहा मीटरांना एका वातावरणाने वाढतो. चार हजार मीटरांवर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे चारशे किलोंचा भार येतो. आपला अरबी समुद्र सगळ्यात खोल जागी साडेचार हजार मीटरांहून खोल आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी दोघी बुडून जातील. तिथे राहणाऱ्याचे कवच केवढे भक्कम असावे?

उत्तर अगदी उलट आहे. तिथल्या कित्येक समुद्रसाळूंचे कवच कागदासारखे पातळ असते. कारण साधे आहे. त्यांच्या आतही पाणीच आहे आणि आतला दाब बाहेरच्या दाबाएवढाच आहे. चारी बाजूंनी सारखा आणि आतूनही तेवढाच असलेला दाब कोणाला फोडत नाही. सकाळच्या जलद गाडीत डोंबिवलीला चढणाऱ्या कोणालाही हे पटेल. डब्यात गच्च उभा असलेला माणूस चिरडत नाही. धोका असतो तो दारात, जिथे एका अंगाला गर्दी आणि दुसऱ्या अंगाला मोकळी हवा असते. खोल समुद्रात भार आहे, पण थप्पड नाही. शिवाय तिथल्या गार आणि दाबाखालच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो, म्हणून जाड कवच करणे महाग पडते. अन्नही तुटपुंजे. वरच्या मजल्यावर कोणी चादर झटकावी आणि खालच्याच्या ताटात धूळ पडावी, तसा वरच्या समुद्रातला मेलेला कचरा कण कण करून खाली येतो आणि त्यावर या मंडळींना गुजराण करावी लागते. अशा गरिबीत चिलखत कोण घडवणार?

१८६९ साली ब्रिटिश आरमाराचे एक जहाज स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या खोल समुद्रात तळ खरवडीत होते. योगायोग असा, की जहाजाचे नाव ‘पॉर्क्युपाइन’, म्हणजे साळूच. वायव्हिल टॉमसन हे शास्त्रज्ञ त्यावर होते. जाळ्यातून एक तांबडा गोळा वर आला. साळू मेला असेल, कवच फुटले असेल, असा त्यांचा ग्रह. पण फळीवर ठेवताच तो भाकरीसारखा पसरला आणि धापा टाकू लागला. कवच फुटले नव्हते. ते मुळातच लवचीक होते, चामड्याच्या पिशवीसारखे. त्या विचित्र जिवाला हातात घ्यायला आपल्याला जरा धीर गोळा करावा लागला, असे टॉमसनसाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. या कुळातल्या प्राण्यांच्या खालच्या काट्यांना टोकाशी लहान खुरे असतात, चिखलात रुतू नये म्हणून. त्याच सफरीत आणखी एक नवल हाती आले: साळूच्याच वंशातला, पण अत्तराच्या कुपीसारखा लांबट, पातळ, मानेशी निमुळता प्राणी. गोल साळूला पुढची बाजू नसते, याला आहे. कारण त्याला खडक खरवडायचा नाही, चिखलातून वाट काढीत आणि तोच चिखल गिळीत पुढे जायचे आहे. ज्याला एका दिशेने जायचे असते त्याला तोंड पुढे आणावेच लागते.

आपल्या समुद्रातही ही शोधाशोध झाली. ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाची चाकांची आगबोट १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि तिने पुढे अनेक वर्षे हिंदुस्थानभोवतालचा समुद्र मोजला. तिच्यावर डॉक्टर आल्कॉक नावाचे सर्जन प्राणी गोळा करण्याचे काम करीत. १९०२ साली त्यांनी त्यावर एक वाचनीय पुस्तकही लिहिले. त्या आगबोटीने आणलेले समुद्रसाळू कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले आणि केलर नावाच्या फ्रेंच पंडिताने त्यांची वर्णने केली. मुंबईच्या माणसाला मात्र खोल समुद्र फार लांब. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाची उथळ पायरी सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे; डोंबिवलीहून निघून साताऱ्याच्याही पुढे जावे, इतके अंतर आत गेल्यावर कुठे तळ खाली घसरू लागतो.

येथवर सांगितले ते निरनिराळ्या जातींविषयी. पण एकाच जातीतही खोली आपला हात दाखवते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा मोठा खाद्य साळू उथळ पाण्यात बसका असतो आणि खोल, शांत पाण्यात उंच घुमटासारखा वाढतो. डार्सी टॉमसन यांनी १९१७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात साळूच्या आकाराची तुलना फरशीवर ठेवलेल्या पाण्याच्या थेंबाशी केली आहे. थेंब जसा आपल्या वजनाने आणि ताणाने आकार घेतो, तसेच हे कवच. उथळात प्राणी आपल्या शेकडो चिकट पायांनी खडकाला घट्ट धरून ठेवतो, सतत खाली ओढ बसते आणि वाढते कवच बसके होते, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसरा प्रकार याहून मजेचा. अन्न कमी पडले की काही जातींचा देह आखडतो, पण दातांचा कंदील आखडत नाही. म्हणून उपाशी साळूचे तोंड अंगाच्या मानाने मोठे दिसते. महिनाअखेरीस आमच्याही घरी हेच घडत असे.

आता घरची गोष्ट.

आमची इमारत १९७८ सालची. तळमजल्यावर दोन खोल्या, दार अंगणाकडे. गेल्या वर्षी तपासणीत ती धोकादायक ठरली, पाडून नवी बांधायचे ठरले आणि तीन वर्षांसाठी सर्वांनी बाहेर पडायचे ठरले. चिरंजीवांनी ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर सतराव्या मजल्यावर जागा घेतलीच होती. तिथून येऊरचा डोंगर दिसतो, वारा मुबलक आहे, लिफ्ट आहे. सगळ्यांनी तिकडेच जावे, असे त्याचे मनापासून म्हणणे. सूनबाईंनी आईसाठी खोलीही ठरवली, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवून घेतल्या. यात कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. कल्याणची माझी बहीण मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होती, “दादा, आई तिथे सुकेल रे.”

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. नजर मंदावलेली, गुडघे धरलेले, फाटकापलीकडे जाणे नाही. पण पहाटे पाचला ती दार उघडते आणि पाटावर बसते. फुलवाली पुडी तिच्या हाती देते. पेपरवाल्याचे, दूधवाल्याचे, वरच्या मास्तरांचे पाऊल ती आवाजावरून ओळखते. दिवसभर नोकरीला जाणाऱ्या अकरा बिऱ्हाडांच्या किल्ल्या तिच्या खिळ्यावर असतात. कोणाचे मूल शाळेतून आले, कोणाचा गॅस यायचा आहे, आज चतुर्थी की पंचमी, हे सारे त्या दारातून चालते. शेहेचाळीस वर्षे खरवडून तिने कोरलेला हा खळगा. तिथे ती एक मोठी कर्ती बाई आहे. त्या पाटावरून तिला उचलले, की उरते एक अधू म्हातारी.

चिरंजीवांनी माझ्याच शास्त्राने मला पेचात धरले. “बाबा, तुम्हीच सांगता ना, पाण्याप्रमाणे प्राणी बदलतो? आजी मालवणचे चौसोपी घर सोडून डोंबिवलीच्या दहा बाय बारात आली आणि बदलली. आता का नाही बदलणार?”

प्रश्न बिनतोड होता आणि मी दोन दिवस त्याचा विचार केला. साळूत दोन प्रकारचे बदल असतात. गोलाचा लांबट झाला, कवचाची पिशवी झाली, हे लाखो वर्षांचे, पिढ्यान् पिढ्यांचे काम. कोणा एका प्राण्याला ते जन्मात साधत नाही. दुसरा बदल त्याच्या हयातीतला: बसकेपणा, उंची, दातांचे माप. पण तो बदल वाढीच्या वाटेने होतो. कवचाचे तुकडे कडांनी वाढतात, माथ्यावर नवे तुकडे येतात आणि त्या वाढीबरोबर आकार ठरतो. वाढ मंदावली की आकारही ठरून जातो. म्हातारपणी मोडलेला काटा पुन्हा येईल, कवचाची चीर सांधेल. बसक्याचा उंच होणार नाही. हे मी चिरंजीवांना सांगितले. तो म्हणाला, “पण आजी साळू नाही.” हेही खरेच होते.

शेवटी ज्या बाईच्या बदलाची चर्चा चालली होती तिलाच मी विचारले. “आई, तू त्या वेळी कशी बदललीस गं?”

ती म्हणाली, “मी खंय एकटी इल्लंय? चाळीत तीन घरां मालवणचीच होती.” आणि थोड्या वेळाने, “थंय माका कोण वळखता?”

तिच्या उत्तराने मला उलगडा झाला. त्रेसष्ट साली तिच्यावर नव्या गावाचा भार पडला होता, पण शेजारी तीच भाषा, तेच सण, तेच माशांचे कालवण. बाहेर जे होते ते आतही होते. म्हणून भार सोसला. सतराव्या मजल्यावर भार काहीच नव्हता, सुखच होते. पण बंद दाराबाहेर तिच्या ओळखीचे एकही पाऊल वाजणार नव्हते. तिला जाच झाला असता तो या फरकाचा.

त्यानंतर कळले, की अकरांपैकी पाच बिऱ्हाडे पलीकडच्या गल्लीत भाड्याने जात आहेत. तिथे तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर रिकामे होते. मी, आमची सौ. आणि आई तिथे राहायला गेलो. चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांची नात ठाण्याला गेली.

हे लिहायला सोपे आहे. ती नात जन्मापासून पणजीच्या कुशीत झोपत होती. आईने हे सारे जाणून निर्णय दिला. जायच्या दिवशी तिने चहाचा डबा काढला, कापूस बदलला आणि ते कवच नातीच्या हातात दिले. “फुटात हां, संबाळून धर,” एवढेच म्हणाली. नात आता शनिवारी येते आणि रविवारी संध्याकाळी ठाण्याची गाडी आली की रडते. आई रडत नाही. पण रविवारी रात्री तिला झोप लागत नाही, हे मला बाजूच्या खाटेवरून कळते. चिरंजीवांच्या मनातही थोडे दुखले आहे. त्याने एवढ्या हौसेने बसवलेल्या दांड्यांना अजून कोणाचा हात लागलेला नाही.

तेव्हा आम्ही केले ते सर्वांना सुखाचे झाले, असे मी म्हणणार नाही. कोणीतरी पातळ व्हायचे होतेच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आईला नव्याने घडायला लावण्यापेक्षा, ज्यांची वाढ अजून व्हायची आहे त्यांनी थोडे वाकावे, हे मला न्यायाचे वाटले. सहा वर्षांची पोर सतराव्या मजल्यावरही आपला आकार घेईल. तिला तिथे दोन मैत्रिणी मिळाल्याचे मागच्याच शनिवारी कळले.

नव्या जागेच्या खिळ्यावर आज सात किल्ल्या आहेत. पाच जुन्या, दोन नव्या. आणि तीन वर्षांनी जी इमारत उभी राहील, तिच्या मजल्यांचे वाटप व्हायचे आहे. आईने मला आत्तापासूनच बजावून ठेवले आहे, “वरची नको. खालची खोली माग.”